सातव्या वळणाचे गुण

स्टिअरिंगने तिच्या हाताला हिसका दिला. फार मोठा नव्हे. गर्दीत कुणीतरी बाहीला धरून ओढावं तेवढाच. चाचणीचा रस्ता सातव्या वळणावर उताराला लागतो आणि गुळगुळीत डांबर संपून खरखरीत सुरू होतं. तिथे गाडी उजवीकडे वळायला हवी होती तेवढी वळली, आणि वर आणखी हातभर वळली. आतली पांढरी रेघ चाकांखाली गेली. तिने सावरलं. गाडीही लगेच शहाण्या मुलासारखी सरळ झाली. समोरच्या काचेवर हिरवा ठिपका तसाच होता, म्हणजे गाडीच्या मते सगळं ठीक होतं. "ठीक तुझं कपाळ," ती म्हणाली, आणि चाचणीच्या गाडीत बोललेलं सगळं टिपलं जातं हे आठवल्यावर पुन्हा एकदा, स्पष्ट उच्चारात म्हणाली, "हो, तुझंच."

सव्वीस वर्षं ती गाड्यांना गुण देत होती. गाडी वळणात कशी झुकते, ब्रेक दाबल्यावर नाक किती खाली घालते, खड्ड्यातून गेल्यावर मणक्याला काय सांगते, हे सगळं अंगाने ऐकायचं आणि कागदावर एक ते दहामधला आकडा लिहायचा. यंत्रं होतीच, गाडीच्या पोटात चाळीसेक वायरी सोडलेल्या असत. पण यंत्राला गाडी आवडत नाही की खटकत नाही, म्हणून शेवटची सही माणसाची. तिच्या आकड्यात अर्ध्या गुणाचाही फरक पडत नसे, म्हणून जुने लोक तिला पाठीमागे 'काटा' म्हणत, सोनाराच्या तराजूचा असतो तो. तिलाही ते ठाऊक होतं आणि मनातून आवडत होतं. आता या धंद्यातली गंमत अशी, की गुण एक ते दहा असले तरी साडेसहाच्या खाली कुणी लिहीत नाही. साडेसहाखाली आकडा गेला की गाडी अडते, गाडी अडली की कारखाना अडतो, आणि मग ज्याने आकडा लिहिला त्याच्याकडे लोक अंत्ययात्रेत मोठ्याने हसलेल्या माणसाकडे पाहावं तसे पाहतात. त्यामुळे गाडी न अडवता दिलेला 'साडेसहा' म्हणजे नापास आणि 'सात' म्हणजे काठावर, असं सगळ्यांनी मनातल्या मनात ठरवून टाकलेलं होतं. ही गाडी तर घरची लाडकी लेक. उंच, रुंद खांद्यांची, बाहेरून डोंगर चढणारी आणि आतून दिवाणखाना. वळणात बाहेरच्या चाकाला जास्त जोर देणारी, मागची चाकंही दोन अंश फिरवणारी, रस्ता वाचून स्प्रिंगा कडक-मऊ करणारी. 'स्पोर्ट'चं बटण दाबलं की बूड चार बोटं खाली टेकवायची आणि सीटच्या दोन्ही कडा बरगड्यांना घट्ट धरायच्या. आणि चालवणारा चुकला, उशीर झाला, तर स्टिअरिंगला स्वतःच हात लावायची. माहितीपत्रकात लिहिलं होतं, 'तुमच्या मनातलं वळण ती आधी ओळखते.' माझ्या मनातलं माझ्या नवऱ्याला वीस वर्षांत ओळखता आलं नाही, असं ती तेव्हा म्हणाली होती आणि सगळं खातं हसलं होतं. गाडी बाजारात यायला नऊ दिवस राहिले होते.

तिने आणखी पाच फेऱ्या मारल्या. त्याच वेगाने, त्याच रेषेत. काही झालं नाही. होणारच नव्हतं, कारण आता ती वाट बघत होती आणि तिचे हात वळणाच्या आधीच वळणात पोचत होते. शेवटच्या फेरीला तिने मुद्दाम उशीर करून पाहिला, पण मुद्दाम केलेला उशीर हा उशीर नसतोच. अंगाला सगळं आधीच कळलेलं असतं. तिने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि उजवा हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे पाहिलं. अंगठा, त्याच्या शेजारचं बोट, मधलं बोट. तीन बोटांवर कुणीतरी जाड मोजा चढवून ठेवला होता. आजच नव्हे, चार महिने. सकाळी उठल्यावर हात झटकावा लागे, मग मुंग्या येत, मग हळूहळू बोटं घरी परतत. अलीकडे परतायला वेळ लावत. नवरा एकदा म्हणाला होता, "ब्लाउजची हुकं मी लावायला लागलो, म्हणजे म्हातारपण आलं की प्रेम, ते तरी सांग." तिने हसण्यावारी नेलं होतं. डॉक्टरीणबाई हसल्या नव्हत्या. मनगटात नस आवळली जातेय, शस्त्रक्रिया करावी लागेल, नंतर तीन महिने गाडी बंद, आणि स्पर्श पहिल्यासारखा येईलच असं नाही. "तुम्ही काम काय करता?" त्यांनी विचारलं होतं. "बसून असतं," ती म्हणाली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ उघडली की आत काय, तर तीन बधिर बोटं आणि सव्वीस वर्षं. सातव्या वळणावर बोटांना खरखरीत डांबर लागल्याचं कळलंच नव्हतं, म्हणून हात मागे राहिला होता. हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि तरीही हिसका तिच्या हाताचा नव्हता, हेही तिला तेवढंच पक्कं ठाऊक होतं.

कारण तो हिसका तिच्या ओळखीचा होता. इतक्या वर्षांत तो कुठल्याच गाडीत भेटला नव्हता, पण सातव्या वर्षी भेटला होता. वडील सायकल शिकवत. सीटच्या मागे घट्ट धरून धावत. "हात काढा, बाबा!" ती ओरडायची. "काढला की!" वडील म्हणायचे, आणि काढलेला नसायचा. सीटच्या हाडातून तिला त्यांची मूठ कळायची. सायकल तिची, पण तोल त्यांचा, असं सहा महिने चाललं. मग एकदा गल्लीच्या टोकाला, भिंतीशी वळायचं होतं तिथे, तिने क्षणभर उशिरा का होईना पण हँडल वळवलं, अगदी हवं तेवढंच. आणि नेमक्या त्याच क्षणी वडिलांना वाटलं की ही वळत नाही, म्हणून त्यांनीही सीट खेचली. दोघांनी मिळून एकच वळण दोनदा घेतलं. भिंतीने हनुवटीला चार टाके दिले. घरी आल्यावर वडील सगळ्यांना सांगत होते, "घाई केली हिने. मी होतो म्हणून वाचली." आई हळद लावत म्हणाली, "ऐकावं गं मोठ्यांचं." तिच्या हनुवटीवर कापूस होता, बोलता येत नव्हतं. पुढे बोलता येऊ लागलं तेव्हा विषय जुना झाला होता. वडील गेले तेव्हासुद्धा भेटायला आलेल्या कुणीतरी तो किस्सा सांगितला, त्यांच्या प्रेमाचा दाखला म्हणून. ती मान हलवत राहिली होती. लग्नानंतर रस्ता ओलांडताना नवरा तिचं कोपर धरू लागला, पहिल्याच आठवड्यात तिने सांगितलं, "मी तासाला दोनशेच्या वेगात गाडी चालवते, मला रस्ता ओलांडता येतो." त्याने बिचाऱ्याने हात काढला तो काढलाच. तेवढ्यासाठी ती त्याच्या बाकीच्या पन्नास गोष्टी पोटात घालत आली होती.

खात्यातल्या काचेच्या खोलीत आलेखवाली बसली होती. वायरींतून आलेले आकडे रेषांत मांडून वाचणं हे तिचं काम, आणि ती ते चोख करायची. तिने सातवं वळण पडद्यावर ताणून मोठं केलं. "मॅडम, हे बघा. इथे वळण सुरू. इथे तुमचा हात यायला हवा. आणि आलाय इथे." दोन उभ्या रेघांमध्ये बोटभर अंतर होतं. "अर्धा सेकंद. तुमच्या सगळ्या नोंदी काढल्या, तुम्हाला इतका उशीर कधीच झालेला नाही." मग आवाज खाली आणून म्हणाली, "काही होतंय का तुम्हाला?" "पुढे काय दिसतंय ते सांग," ती म्हणाली. पुढे दिसत होतं ते असं: हात येत नाही असं पाहून गाडीने स्वतः वळायला घेतलं. त्याच घटकेला तिचा हातही आला. दोघांचं वळण एकात एक मिसळलं, वर मागच्या चाकांनी आणि बाहेरच्या चाकाच्या जोराने आपापली भर घातली. "म्हणजे गाडीने तुम्हाला मदतच केली," आलेखवाली म्हणाली. "अगं, मी आल्यावर तिने सोडायला नको का?" "सोडते ना. पाव सेकंदात सोडते." "त्या पाव सेकंदात मी समोरून येणाऱ्याच्या रस्त्यात होते." आलेखवालीने दुसरा तक्ता उघडला. मग म्हणाली, "पण बाकीच्या अकरा चालकांना एकदाही नाही झालं हो. नऊशे फेऱ्या आहेत."

तिथे तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि पाठोपाठ राग आला. इतका, की बधिर बोटांतही मुंग्या आल्या. अकरा चालक. देशातले सगळ्यात तरबेज अकरा हात. त्यांना उशीर होत नाही, म्हणून गाडीला हात लावायची वेळच येत नाही, म्हणून लावलेला हात ती वेळेवर काढते की नाही हे कुणी पाहिलेलंच नाही. चुकणाऱ्यांसाठी केलेली सोय न चुकणाऱ्यांकडून तपासून घेतली. बारावी ती स्वतः. तिनेही आधीच्या तिन्ही चाचण्यांत आठ गुण दिले होते आणि शेऱ्यात लिहिलं होतं, 'मदत जाणवतही नाही.' जाणवणार कशी? भरल्या पोटाच्या माणसाला पंगतीत वाढप कसं आहे ते विचारावं, तशातला प्रकार. चार महिन्यांपूर्वीचा तिचा हात असता तर आजही कळलं नसतं. या बिघडलेल्या हातानेच पहिल्यांदा गाडी खरी चालवली होती. आणि हे सिद्ध करायचं तर आधी हात बिघडलाय हे सांगावं लागणार होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच. बाहेर कॉफीच्या यंत्रापाशी ती बराच वेळ उभी राहिली. पेला उजव्या हातात धरला; गरम लागेना. तिला स्पष्ट वाटलं, की आपण गप्प बसावं. साडेसहा लिहावं, शेऱ्यात 'पुढील आवृत्तीत पाहावे' म्हणावं, पगारी रजा घेऊन मनगट कापून घ्यावं आणि कुणाला न कळता परत यावं. हा विचार तिला आवडला, आणि आवडला म्हणून तिने पेला डाव्या हातात घेतला. चटका बसला.

खातेप्रमुख साहेब तिच्याच वर्षी नोकरीला लागलेले. चारचौघांत 'तुम्ही', दार लोटलं की 'तू'. पूर्वी बरा चालवायचा; पंधरा वर्षांपूर्वी खुर्ची मिळाली, तेव्हापासून मागच्या सीटवर बसून कामाला येतो. आलेख त्याच्यापर्यंत आधीच पोचला होता. "दमली असशील," तो म्हणाला. "अर्धा सेकंद म्हणजे काही गुन्हा नाही. तुझी फेरी बाद धरू, उद्या कुणीतरी दुसरा चालवेल."

"म्हणजे पुन्हा न चुकणारा."

"अगं, चालकाची चूक आहे. गाडीने उलट सांभाळून घेतलं तुला."

मी होतो म्हणून वाचली. तिचा हात आपोआप हनुवटीकडे गेला. "तू शेवटचं स्टिअरिंग कधी धरलंस रे?"

"त्याचा काय संबंध?"

"चल खाली. तू चालव."

"मी? मला जमणारे का आता?"

"म्हणूनच म्हणते. ही गाडी विकत कोण घेणारे? तुझ्यासारखेच. पन्नाशीचे, केस रंगवलेले, डोक्यात दहा कामं, आणि समोर फोन वाजतोय. अकरा उस्तादांना विकणार आहेस का?"

तो चिडला. चिडला म्हणून उठला. नाहीतर उठला नसता. हेल्मेट त्याला घट्ट झालं, त्यावरून तो आणखी चिडला. ती शेजारच्या सीटवर बसली. पहिल्या दोन फेऱ्या त्याने नव्या नवरीसारख्या जपून घेतल्या. तिसऱ्या फेरीला गाडी त्याला आवडू लागली. ते तिला त्याच्या खांद्यांवरून कळलं. खांदे खाली आले, पाठ सीटला टेकली. "काय चीज केलीय आपण," तो म्हणाला. तिलाही पटलं. गाडी सुंदर होती. पाचव्या वळणात गाडी रस्त्याला अशी बिलगली, की तिच्या पोटात विसाव्या वर्षी व्हायचं तसं झालं, आणि हे सगळं एका न निघालेल्या मुठीपायी नासतंय याचं तिला मनापासून वाईट वाटलं. सहाव्या वळणानंतर समोरच्या पडद्यावर फोन वाजला. वरच्या साहेबांचा होता, नऊ दिवसांनंतरच्या समारंभाबद्दल असणार. त्याने नुसतं नाव वाचलं. ती बोलली नाही, तिने कशाला हात लावला नाही. खरखरीत डांबर आलं. त्याची नजर वर आली, त्याने घाईने स्टिअरिंग वळवलं, अगदी हवं तेवढंच. आणि गाडीने वर आपलं वळण घातलं. रेघ चाकांखाली गेली, मग रेघेच्या पलीकडचं डांबरही गेलं. त्याने भलतीकडे ओढलं, मागची चाकं किंचाळली, आणि गाडी कशीबशी आडवी होऊन थांबली. खऱ्या रस्त्यावर इथे दुसरी गाडी असती. हिरवा ठिपका तसाच होता.

फोन वाजून थांबला. "मी फोनकडे बघत होतो," तो शेवटी म्हणाला, लहान मुलासारखा.

"बघणारच. माणूस आहेस."

"मी वळवलं होतं गं. खरंच वळवलं होतं."

"माहितेय मला," ती म्हणाली. हे वाक्य तिला कुणीतरी सातव्या वर्षी म्हणायला हवं होतं.

मग तो पुन्हा साहेब झाला. त्याने गाडीतलं ध्वनिमुद्रण बंद केलं, हेल्मेट काढलं, केस नीट केले. त्याची फेरी मोजली जाणार नव्हती. त्याचा चाचणीचा परवाना कधीच संपला होता. गुण लिहिले जाणार ते तिच्याच नावावर, आणि अर्धा सेकंद का लागला हे वरचे लोक विचारणार होते. "काय सांगणार आहेस त्यांना?"

तिने उजवा हात वर केला आणि तीन बोटं त्याला दाखवली. चार महिने, मनगटातली नस, डॉक्टरीणबाई, सगळं दोन वाक्यांत सांगितलं. तो तिच्या हाताकडे बघत राहिला. त्याला खरंच दुःख झालं होतं. तो वाईट माणूस नव्हता. "मग हे लिहू नकोस," तो हळूच म्हणाला. "ऐक माझं. साडेसहा लिही. शेरा टाक. गाडी जाऊ दे, पुढच्या आवृत्तीत आपण गुपचूप दुरुस्त करू. हाताचं कुणाला कळायला नको. मी आहे ना. मी सांभाळून घेतो तुला."

त्याला माहीत नव्हतं, पण याहून वाईट शब्द त्याला शोधूनही सापडले नसते. तिने दारातल्या कप्प्यातून गुणपत्रक काढलं. पत्रकावर सगळ्यात खाली एक रकाना असतो, 'चालकाची प्रकृती'. सव्वीस वर्षं सगळे तिथे न वाचता 'उत्तम' लिहीत आले होते, तिनेही. तिने पेन उजव्याच हातात धरलं. पेन धरलंय हे डोळ्यांना दिसत होतं, बोटांना नव्हतं. अक्षर पहिलीतल्या पोरीसारखं आलं, वेडंवाकडं आणि मोठं. तिला त्याची लाज वाटली नाही. लिहून झालं तरी कागद तो कागदच. साहेबांच्या खणात कागद फार शांत झोपतात हे तिने पाहिलेलं होतं. पण गाडीत बोललेलं टिपलं जातं, आणि टिपलेलं त्याच मिनिटाला आठ खात्यांत पोचतं. तिने ध्वनिमुद्रण पुन्हा सुरू केलं आणि ती पत्रक समोर धरून मोठ्याने वाचू लागली. "चालकाची प्रकृती. उजवा हात बधिर, तीन बोटं, चार महिने. उशीर माझा. हिसका गाडीचा."

साहेबांचा हात पुढे आला. ध्वनिमुद्रण बंद करायचं बटण दोघांच्या मध्ये होतं. त्याचं बोट त्यावर टेकलं. तो तिच्याकडे बघत होता, डोळ्यांत विनवणी होती, आणि ती विनवणी तिच्याच भल्यासाठी होती.

"हात काढ," ती म्हणाली.

"अगं, तुझी नोकरी—"

"हात काढ."

त्याने काढला. तेवढ्यावर विसंबून राहण्याचा प्रश्नच नव्हता. तिने वळून नीट पाहिलं. हात खरोखर त्याच्या मांडीवर होता. मग तिने पत्रक पुन्हा वर धरलं, घसा साफ केला, आणि आपल्या ठेवणीतल्या, अर्ध्या गुणानेही न हलणाऱ्या आवाजात शेवटची ओळ वाचली.

"सातवं वळण. गुण, तीन."